ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुतले असं होत नाही!

आईला बारा दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, खुब्याचं ऑपरेशन, काल घरी आणली आणि आज लिहायला बसलेय कारण आत साठलंय ते बाहेर काढल्याशिवाय झोप लागणार नाही मला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

वॉर्ड सहा खाटांचा. सकाळी ड्रेसिंगला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, यायचा, ग्लोव्हज घालूनच यायचा. पहिल्या खाटेवरच्या आजोबांची पायाची जखम, शुगरची, लांबून वास यायचा, ती साफ करणार, त्याच हातांनी ट्रॉलीचा ड्रॉवर उघडणार, मोबाईल वाजला की खिशातून काढून कट करणार, आणि तसाच आईच्या टाक्यांकडे. तसाच! मी म्हटलं दादा ग्लोव्हज बदला ना, तर म्हणे "घातलेत ना ताई, काळजी करू नका." अरे बाबा, ते ग्लोव्हज तुझे हात वाचवतायत, माझ्या आईला नाही वाचवत! पेशंट बदलला की ग्लोव्हज बदलायचे आणि काढले की परत हात साफ करायचे, कारण काढताना बाहेरची घाण हाताला लागते. एवढं ड्रेसिंग करणाऱ्याला मी सांगायचं?

आणि हात साफ करणार तरी कशाने. बेसिनवर हात धुण्याचं मोठं रंगीत पोस्टर, खाली साबण नाही. प्रत्येक खाटेला सॅनिटायझरची बाटली लटकवलेली, दाबली की नुसती हवा. तीन दिवस सांगतेय, उत्तर एकच, "इंडेंट टाकलंय," म्हणजे स्टोअरकडे मागणी पाठवलीय. सिस्टरांवर माझा राग नाही, रात्री एकटी मुलगी तीन वॉर्ड बघायची, ती प्रत्येक पेशंटनंतर पॅसेजच्या टोकाला जाऊन मिनिटभर हात धुवत बसली तर सलाईन कोण बदलणार? म्हणूनच तर बाटली खाटेशी हवी ना, २०-३० सेकंद चोळलं की काम झालं. ती भरून ठेवायचं काम ज्यांचं आहे ते वरच्या मजल्यावर एसीत बसलेत.

आता आईला लावलेल्या कॅथेटरचं, म्हणजे लघवीच्या नळीचं ऐका. लघवीची पिशवी खाटेला खाली अडकवायची असते, पण जमिनीला टेकता कामा नये. इथे रोज सकाळी फरशीवर पडलेली, आणि मावशी मॉप मारताना तिच्यावरूनच मॉप फिरवणार. मीच उचलून हुकला लावायची. कॅथेटर गरज संपली की काढून टाकायचा असतो, जितके दिवस आत तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो, म्हणून रोज विचारत होते कधी काढणार कधी काढणार. "उद्या सर बघतील." मग रविवार आला. सोमवारी पहाटे आई थंडीने अशी कुडकुडायला लागली की खाट हलत होती. युरिन कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, तोंडाने घ्यायच्या एकाही औषधाला दाद न देणारा. मग शिरेतून अँटिबायोटिक, मुक्काम पाच दिवस वाढला. आणि डॉक्टर म्हणतात "वय झालंय, होतं असं." वयामुळे पिशवी जमिनीवर पडते का हो?

राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना मी हात जोडून म्हटलं, सर तेवढे हात सॅनिटाइझ करून मग टाके बघा. चेहराच बदलला त्यांचा. बाहेर जाऊन सिस्टरला म्हणाले, नातेवाइकांना जरा समजावा. १८४७ साली व्हिएन्नाला सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींच्या वॉर्डात जाण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, बाळंतिणी मरायचं प्रमाण धाडकन खाली आलं, तरी बऱ्याच डॉक्टरांना राग आलाच की आमचे हात घाण म्हणतोस का. तेव्हा जंतूंचं शास्त्र कोणाला ठाऊक नव्हतं, ह्यांना आज सगळं ठाऊक आहे आणि राग तोच!

त्यात भेटायला येणारे, एका खाटेभोवती आठ-आठ जण, त्यातला एक खोकतोय, तोंडाला साधा रुमाल नाही, वॉचमन बघतोय.

डिस्चार्जच्या बिलात ग्लोव्हजचे ३८ जोड लावलेत. आईसाठी नवीन काढलेले ग्लोव्हज मी बारा दिवसांत चार वेळा पाहिले, मी तिथेच बसून होते, रात्रंदिवस. काउंटरवर विचारलं तर "मॅडम ते सिस्टीममध्ये तसंच येतं." बिलाची झेरॉक्स आणि कल्चरचा रिपोर्ट जोडून सोमवारी लेखी तक्रार देतेय, आणि पोच मिळाल्याशिवाय तिथून उठणार नाही.