रुजू तारखेची ज्येष्ठता आणि कंपन्यांचं विलीनीकरण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन विमान कंपन्या एक झाल्या की वैमानिकांची ज्येष्ठता यादी रुजू झाल्याच्या तारखेनं लावावी, विषय संपला. ‘गुणोत्तरानं लावलेली यादीही (म्हणजे दोन्ही कंपन्यांची नावं त्यांच्या संख्येच्या प्रमाणात आलटून-पालटून गुंफलेली) न्याय्य असू शकते’ हे माझ्या आधीच्या लेखातलं वाक्य तुम्हाला कंपन्यांची वकिली वाटलं. पगार शाबूत असेल तर यादीत चार घरं वर-खाली झाल्यानं काय बिघडतं, हा दुसरा प्रश्न. अमेरिकेतली भांडणं आपल्याला कशाला, हा तिसरा. वैमानिकाच्या नोकरीच्या करारावर सही करणाऱ्या पुतण्याबद्दलही विचारलंत, त्याचं शेवटी बघू.

आधी एक चूक पदरात घेतो. ‘अमेरिकेतल्या यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी लवादाचा निकाल धुडकावला’ एवढं त्या लेखात लिहून मी पुढे गेलो होतो आणि का धुडकावला ते लिहिलं नव्हतं. तुम्ही टोकलंत ते योग्यच. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या, तेव्हा यूएस एअरवेज दिवाळखोरीत होती आणि तिचे सुमारे १,७०० वैमानिक फर्लोवर होते. फर्लो म्हणजे नाव यादीत, पण काम नाही आणि पगारही नाही. गरज पडली की यादीच्या क्रमानं परत बोलावणार. मे २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी निकाल दिला. सर्वांत वरच्या ५१७ जागा यूएस एअरवेजवाल्यांना, कारण लांब पल्ल्याची मोठी विमानं त्यांनीच आणली होती. त्याखाली दोन्हीकडचे कामावर असलेले वैमानिक प्रमाणात गुंफलेले. आणि फर्लोवरचे सगळे तळाशी. म्हणजे सोळा-सतरा वर्षांपूर्वी रुजू झालेला माणूस, समोरच्या कंपनीत काही महिन्यांपूर्वी आलेल्या पोराच्या खाली. संताप होणारच. त्यांनी २००८ मध्ये जुनी संघटनाच मतदानानं बाजूला सारली आणि रुजू तारखेचा आग्रह धरणारी नवी उभी केली. मग अमेरिका वेस्टचे वैमानिक कोर्टात गेले. विमानांवर रंग एक, आत याद्या दोन, अशी वर्षं गेली. २०१३ मध्ये ती कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये मिसळली आणि सगळ्यांची मिळून एक यादी लागली ती थेट २०१६ मध्ये.

तरीही, लवादाचा मूळ प्रश्न चुकीचा होता असं मला वाटत नाही. प्रश्न असा होता: विलीनीकरणाच्या दिवशी कुणी कोणती नोकरी सोबत आणली? तारीख सांगते तुम्ही किती वर्षं होतात. तुमच्या हातात त्या दिवशी काय होतं, ते ती सांगत नाही.

आकडे घेऊन बघू. समजा ‘अ’ कंपनीत ६०० वैमानिक आहेत, जुनी आणि थिजलेली. ‘ब’मध्ये २००, नवी आणि वाढती. ‘अ’मधला ३००वा माणूस २००४ चा, अजून को-पायलट. ‘ब’मधला १००वा २०१५ चा, पण कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक. दोघंही आपापल्या यादीत बरोबर मध्यावर. आता तारखेनं लावा. ‘अ’चे ५५० जण २०१५ च्या आधीचे असतील, तर ‘ब’चा १००वा जातो ६५०व्या जागी, ८०० पैकी. पन्नास टक्क्यांवरून एक्क्याऐंशी. ‘अ’चा ३००वा मात्र येतो साधारण ३१० वर, म्हणजे पन्नासवरून एकोणचाळीस टक्क्यांवर. एका सकाळीत एकाला बढतीची रांग लहान, दुसऱ्याला लांब, आणि दोघांनीही काही केलेलं नाही. पुढच्या मंदीत १५० जणांना घरी बसवायची वेळ आली तर ६५१ पासून खालचे जातील. आपला ‘ब’वाला कमांडर त्या रेषेच्या काठावर उभा असेल. तीनास एक या गुणोत्तरानं गुंफलं तर दोघंही ४०० च्या आसपास, जिथे होते तिथेच.

इथवर गुणोत्तर जिंकलं असं वाटतं. पण ‘अ’चे लोक वयस्कर आहेत. त्या ३००व्याच्या वरचे २०० जण पुढच्या दहा वर्षांत निवृत्त होणार असतील, तर स्वतःच्या यादीत तो १००व्या जागी पोचला असता, वरच्या सतरा टक्क्यांत. गुंफलेल्या यादीत ‘ब’चे तरुण हलत नाहीत, म्हणून तो अडकतो २०० च्या आसपास, पंचवीस टक्क्यांवर. मोठ्या विमानाची कमांड याच फरकात हातची जाते. अमेरिकेत तर डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचं वय ६० वरून ६५ केलं, तेव्हा अशी सगळी गणितं रातोरात पाच वर्षं पुढे सरकली. तेव्हा तुमचा संशय अगदीच निराधार नाही. गुणोत्तरही तटस्थ नसतं. म्हणून चांगली यादी मिश्र असते: पद आणि विमानाचा प्रकार, सेवेची वर्षं, आणि विलीनीकरण झालं नसतं तर पुढे काय मिळालं असतं, या तिन्हींना वजन. वर काही वर्षांचं कुंपण: तुम्ही आणलेल्या विमानांवर, तुमच्या बेसवर (ज्या शहरातून ड्युटी सुरू होते तिथे) तोवर तुमचाच हक्क. आणि ‘आज जो ज्या खुर्चीत आहे त्याला कुणी ज्येष्ठ उठवणार नाही’ असं एक कलम. हे कलम नसेल तर यादी कितीही न्याय्य असो, पहिल्याच बिडिंगमध्ये (ज्येष्ठतेच्या क्रमानं जागा मागून घेताना) खुर्च्यांचा खेळ सुरू होतो आणि प्रत्येक हललेल्या माणसामागे सिम्युलेटर, टाइप रेटिंग (त्या प्रकारच्या विमानाचा परवाना), लाइन चेक (प्रत्यक्ष उड्डाणातली परीक्षा) यांची रांग लागते.

आणि तारीख म्हणजे नक्की कुठली, हेही सांगा ना. नेमणूकपत्राची? ग्राउंड क्लासच्या पहिल्या दिवसाची? प्रशिक्षण संपवून लाइनवर, म्हणजे नेहमीच्या उड्डाणांवर, सोडल्याची? एकीकडे पहिली धरली आणि दुसरीकडे तिसरी, तर सहा-आठ महिन्यांचा फरक तिथेच पडतो. एकाच बॅचमधले लोक बऱ्याच ठिकाणी वयानं लावतात. म्हणून याद्यांची अदलाबदल झाली की दोन्ही बाजू आधी जन्मतारखा आणि रुजू तारखा ओळ-ओळ तपासतात, भांडण नंतर.

आता पगाराचं. वैमानिकाच्या यादीतल्या क्रमांकावर कोणतं विमान, कमांडरची डावी खुर्ची की को-पायलटची उजवी, कोणता बेस, महिन्याचं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) आणि दिवाळीची रजा हे सगळं ठरतं. हा क्रमांक कंपनी बदलली की बरोबर नेता येत नाही; २५ वर्षं नोकरी केलेला कमांडरही दुसरीकडे यादीच्या खालून सुरुवात करतो. शिवाय ‘पगार शाबूत’ हे शब्दसुद्धा फसवे असतात. एअर इंडियात विलीन झालेल्या विस्तारा कंपनीच्या वैमानिकांना महिन्याला ७० तासांच्या पगाराची हमी होती, विलीनीकरणाआधी आलेल्या नव्या रचनेत ती ४० तासांवर आली. ताशी दर तोच धरला तरी हमीचा पगार सुमारे ४३ टक्क्यांनी कमी. वरचे तास उडालात तर वेगळे पैसे, पण आजारी पडलात किंवा विमानं जमिनीवर राहिली तर? एप्रिल २०२४ मध्ये विस्तारानं रोजची २५ ते ३० उड्डाणं कमी केली, ती या नाराजीच्या काळातच.

खुर्ची गेल्याचं उदाहरण साउथवेस्टचं. २०११ मध्ये तिनं एअरट्रान घेतली. एअरट्रानच्या संघटनेच्या नेत्यांनी पहिला करार नाकारला; दुसरा आला तो त्याहून वाईट होता आणि तोच मंजूर झाला. मग साउथवेस्टनं एअरट्रानची ८८ बोइंग ७१७ विमानं डेल्टाला दिली आणि कित्येक कॅप्टन पुन्हा उजव्या खुर्चीत बसले.

अमेरिका कशाला, तर तिथे निदान कायदा आहे. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या निम्म्याहून अधिक वैमानिकांना ‘स्टेपल’ केलं, म्हणजे एका यादीच्या शेवटच्या पानाला दुसरी टाचली. ११ सप्टेंबरनंतर कपात आली ती याच टाचलेल्या पानांवर. त्यातून डिसेंबर २००७ चा मॅककॅस्किल-बाँड कायदा आला: याद्या न्याय्य रीतीनं एकत्र करायच्या, जमलं नाही तर लवाद. दोन्हीकडे एकच संघटना असेल तर तिचे स्वतःचे नियम लागू.

आपल्याकडे असं काही नाही. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे विलीनीकरणाची योजना जाते, तीत सेवा अखंड राहील आणि अटी आधीपेक्षा कमी नसतील असं साधारण लिहिलेलं असतं. ग्रॅच्युइटीला ते पुरतं. यादीतल्या जागेबद्दल त्यात अवाक्षर नसलं तरी चालतं.

आणि भांडण मुंबईतच झालंय. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. चार वर्षांनीही वेतनसमानता नव्हती, म्हणून एप्रिल-मे २०११ मध्ये इंडियनच्या वैमानिकांचा संप. मग हे वाद सोडवायला न्या. धर्माधिकारी समिती, जानेवारी २०१२ मध्ये अहवाल. आणि मे २०१२ मध्ये मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांचा ५८ दिवसांचा संप. कारण? इंडियनच्या वैमानिकांनाही ड्रीमलायनरचं (लांब पल्ल्याच्या बोइंग ७८७ विमानाचं) प्रशिक्षण. ही २७ ड्रीमलायनर एअर इंडियानं विलीनीकरणाआधी मागवली होती. म्हणून ‘ही आमच्या बढतीची विमानं’ असं तिचे वैमानिक म्हणत होते. इंडियनवाले म्हणत होते, कंपनी एक आहे तर विमानंही सगळ्यांची. दोघांचंही म्हणणं वर सांगितलेल्या तीन वजनांत बसतं. ते विलीनीकरणाच्या आधी तोलायला हवं होतं, आणि इथे पाच वर्षांनी, संप करून तोललं गेलं. रुजू तारखेनं यादी लावून हा प्रश्न सुटला असता का, तुम्हीच सांगा. इंडियनमध्ये कमांड लवकर मिळे, एअर इंडियात उशिरा. एकाच वर्षी रुजू झालेल्या दोघांच्या खांद्यावरच्या पट्ट्या वेगळ्या होत्या.

तुमच्या पुतण्याबद्दल. करारावर सही करण्याआधी चार ठिकाणी पेन्सिलीनं खूण करायला सांगा. ज्येष्ठतेची तारीख कोणती धरणार, ते शब्दांत लिहिलंय का. हमीचे तास करारात आहेत की ‘कंपनीच्या धोरणानुसार’ असं मोघम आहे. धोरण कंपनी एका परिपत्रकानं बदलू शकते. निवृत्तीचं वय: एअर इंडियात ५८ आणि विस्तारात ६० असा फरक होता आणि त्यावरूनही कुरबूर झाली. चौथं, प्रशिक्षणाचा बाँड, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी केली नाही तर प्रशिक्षणाचा खर्च भरण्याची हमी. कंपनी विकली गेली तर तो नव्या मालकाकडे जातो का, आणि अटी बदलल्या म्हणून सोडून जायचं ठरवलं तर रक्कम भरावी लागते का. नोकरी सोडताना द्यायच्या नोटिशीची मुदत डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) नियमानं को-पायलटला सहा महिने, कमांडरला एक वर्ष. म्हणजे नवी यादी बघून तडकाफडकी बाहेर पडता येत नाही, बाँडचं ते कलम नीट वाचायला हवं ते यासाठीच.