‘छडी गेली आणि पोरं बिघडली’ : त्या मेसेजला उत्तर

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडल्या की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा : आम्ही गुरुजींचा मार खाल्ला म्हणून घडलो. कायद्यानं मास्तरांचे हात बांधले आणि पोरं बिघडली. आज मास्तरांची छडी नाही, तर उद्या पोलिसांची काठी खातील. मुलांना गोलात बसवून बोलतं करायचं हे खूळ परदेशातल्या मोठ्या शहरांचं, तिथे नाना जातीधर्मांची मुलं असतात म्हणून ते लागतं, आपल्याकडे सगळे एकच, आपल्या खेड्यात त्याचं काय काम? शिवाय त्यात चुकणारा सुटतो आणि ज्याला त्रास झाला तो तसाच राहतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवतो. हा मेसेज पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची, शाळेवर माया असलेली माणसं आहेत. म्हणूनच एकेका मुद्द्याला नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

‘मार खाल्ला म्हणून घडलो.’ असं म्हणणारे बहुतेक जण दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर भेटतात. त्या ग्रुपवर कोण नाही, तेही एकदा बघा. पहिलीत तुमच्या शेजारी बसणारी आणि चौथी-पाचवीतच ढोरं राखायला, कापूस वेचायला गेलेली मुलं तिथे नाहीत. मार त्यांनीही खाल्ला होता, बहुधा तुमच्यापेक्षा जास्त. उशिरा येणाऱ्याला, पाढे न येणाऱ्याला, वही नसणाऱ्याला छडी आधी बसायची, आणि वही नसायची ती घरात पैसे नसायचे म्हणून. आजही दिवाळीच्या आगेमागे वेचणीला गेलेला मुलगा कित्येक दिवसांनी वर्गात येतो, तेव्हा आपण मागे पडलोय ही धास्ती घेऊनच येतो. त्याच दिवशी त्याच्या हातावर छडी उमटली, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वावरात दिसतो. टिकलेल्यांनाच विचारून छडीचा हिशेब लागणार नाही. तुम्ही घडलात ते आईबापांच्या कष्टानं आणि ज्या एखाद-दोन शिक्षकांनी जीव लावला त्यांच्यामुळे. त्यांनी कधी मारलंही असेल. पण आज त्यांच्या पाया पडताना तुम्हाला तो मार आठवतो, की तुमच्यासाठी घरी येऊन वडिलांशी बोललेले गुरुजी आठवतात?

‘कायद्यानं हात बांधले.’ शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १७ सांगतं की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळ करायचा नाही. मुलाला अडवू नका, चूक दाखवू नका, पालकांना बोलावू नका, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. छडी होती तेव्हा सगळं आलबेल होतं, हेही खरं नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचं त्यात सांगितलं होतं. म्हणजे तीनातली दोन मुलं. छडीनं पोलिसांची काठी टळत असती, तर त्या पिढीच्या गावांत मारामाऱ्या आणि केसेस दिसायलाच नको होत्या.

शिक्षकांची एक तक्रार मात्र खरी आहे. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. एवढ्या धबडग्यात फटका पटकन देता येतो, बोलायला वेळ लागतो. हा दोष व्यवस्थेचा आहे आणि त्यावर शिक्षकांनी भांडायलाच हवं. पण त्याची किंमत मुलाच्या तळहातानं का मोजायची?

आता ‘परदेशी, शहरी खूळ’. भांडणात दुखावलेला, दुखावणारा आणि त्यांची माणसं यांनी एकत्र बसून नुकसान कसं भरून काढायचं ते ठरवायचं, ही रीत जगात आज ‘रिस्टोरेटिव्ह’ या नावानं ओळखली जाते. न्यूझीलंडनं १९८९ मध्ये मुलांच्या गुन्ह्यांसाठी ती कायद्यात आणली, तेव्हा तिथल्या माओरी लोकांच्या कुटुंबानं एकत्र बसून निवाडा करण्याच्या परंपरेचा त्यात मोठा वाटा होता. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या शाळांनी ती नंतर उचलली. पिट्सबर्ग शहरात २०१५ ते २०१७ या दोन शालेय वर्षांत ४४ शाळांचा अभ्यास रँड या संस्थेनं केला. निम्म्या शाळांत ही पद्धत आणली, निम्म्या पूर्वीसारख्याच ठेवल्या. जिथे आणली तिथे मुलांना शिक्षा म्हणून घरी बसवण्याचं प्रमाण कमी झालं, काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शिक्षेतली तफावतही घटली, आणि शाळेचं वातावरण सुधारल्याचं शिक्षकांनी सांगितलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांच्या बाबतीत शिक्षेचं प्रमाण घटलं नाही, अभ्यासातली कामगिरी तर घसरली. हा भाग या पद्धतीचे समर्थक सहसा सांगत नाहीत. सांगायला हवा. गोलात बसवलं की गुण वाढतील, असं वचन कोणी देऊ नये.

आणि आपल्याकडे ही रीत नाही असं कोण म्हणतं? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा वर्षानुवर्षं सर्वसहमतीनं निर्णय घेत आलीय. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण कोर्टात न नेता समितीसमोर बसून मिटवलेली कितीतरी माणसं आपल्या गावांत आहेत. मोठ्यांच्या धुऱ्याला बैठक आणि पोराच्या चुकीला छडी, हा भेद मला पटत नाही.

‘आपल्याकडे सगळे एकच’ हेही बरोबर नाही. माझ्या वर्गात घरी कोणी वऱ्हाडी बोलतं, कोणी बंजाऱ्यांची गोरमाटी, कोणी कोलामी. गावातली, बौद्ध वस्तीतली, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, कोलामांच्या पोडावरची, पारध्यांच्या बेड्यावरची मुलं एका पट्टीवर बसतात. मोठ्यांची मनं फाटलेली असली की पोरांच्या शिव्यांत ते ऐकू येतं.

शेवटचा मुद्दा, ‘चुकणारा सुटतो’. इथे एक प्रसंग सांगतो. तांड्यावरच्या आठवीतल्या मुलीला मानव विकास कार्यक्रमातली सायकल मिळाली होती. गावातल्या एका मुलानं मधल्या सुट्टीत दोन्ही चाकांची हवा सोडली आणि वॉल्व्ह काढून झुडपात फेकले. छडीच्या हिशेबात हे पाच मिनिटांचं काम होतं. दोन फटके, ‘पुन्हा करशील?’, ‘नाही सर.’ आम्ही वऱ्हांड्यात सतरंजी टाकून बसलो. ती मुलगी, तिची आई, तो मुलगा, त्याचे वडील, वर्गातली दोन मुलं आणि मी. एक बोलेल तेव्हा बाकीच्यांनी ऐकायचं. काय झालं, कोणाला काय सोसावं लागलं, ते कसं भरून निघेल, एवढंच विचारायचं.

आई म्हणाली, “तीन किलोमीटर सायकल ढकलत आली पोरगी. अंधार पडला. रस्त्यावर येऊन वाट पायली मी. असं होत असन तर पाठवत नाई मी तिले.” मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, ती दुकानातून हवा भरून घेईल. मग मुलीनं विचारलं, “माह्याच सायकलची कावून?” बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, “घरी म्हणतात, तांड्यावरच्याईले सगळं फुकट भेटते.” वडिलांनी मान खाली घातली. हे वाक्य कुठून आलं ते त्यांना कळलं होतं, आणि थोड्या वेळानं त्यांनी तसं कबूलही केलं. ती सायकल जातीवर मिळत नाही, लांबून येणाऱ्या मुलींना शाळा सोडावी लागू नये म्हणून मिळते, हे मग तिथेच सगळ्यांसमोर बोलता आलं. दोन फटक्यांनी ते वाक्य कधीच बाहेर आलं नसतं.

मुलानं स्वतःच्या हातानं नवे वॉल्व्ह बसवले. शाळेत पंप आणला, शाळा सुटायच्या आधी सगळ्यांच्या सायकलींची हवा बघायचं काम त्यानं घेतलं. मुलीची अट वेगळी होती. ज्या पोरांसमोर तो हसला होता, त्यांच्यासमोरच त्यानं चूक सांगावी. ते त्याला फार जड गेलं, पण त्यानं सांगितलं. त्यांची मैत्री झाली नाही, ती कोणी मागितलीही नव्हती. मुलगी शाळेत येत राहिली. यात सुटलं कोण?

दोन गोष्टींची धास्ती मलाही आहे. बैठकीची जातपंचायत होऊ शकते. वजनदार घरचा बोलेल आणि बेड्यावरचा मान हलवेल, असं झालं तर ती बैठक छडीपेक्षा वाईट. म्हणून आधी दुखावलेल्या मुलाला एकट्यानं विचारायचं, आणि त्याला बसायचं नसेल तर बसवायचं नाही. दुसरं, लैंगिक छळाची तक्रार कधीही अशा बैठकीत आणायची नाही. तिथे २०१२ चा पोक्सो कायदा आहे, तक्रार पोलिसांकडे कळवणं बंधनकारक आहे, १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे. समजुतीनं मिटवतो म्हणणाऱ्याला तिथे थारा नको.

वेळेचं काय, हा प्रश्न उरतो. परिपाठात रोज दहा मिनिटं मुलांनी एकमेकांचं ऐकलं, तर बरीच भांडणं बैठकीपर्यंत येत नाहीत. मोठ्या तंट्याचा भार एकट्या शिक्षकावर टाकायचा नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्यांनाही बसवा. आम्ही त्यासाठी बाजाराचा दिवस धरला, कारण त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते आणि आयांना मजुरी बुडवून शाळेत यावं लागत नाही.