‘घाबरवण्याचा धंदा’ म्हणणाऱ्या वाचकास

‘उंदरांवरचे प्रयोग माणसांना चिकटवून लोकांना घाबरवण्याचा धंदा बंद करा. झोप बिघडते ती आजारामुळे, आजार झोपेमुळे होत नाही. आणि ज्याला झोपच येत नाही त्याने हे वाचून काय करायचं?’ अशी, कमी झोप आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) यांच्या संबंधावरच्या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया. खाली नाव नाही.

उंदरांचं मान्य. झोपेत मेंदूतल्या पेशींच्या मधली जागा रुंदावते आणि बीटा-अमायलॉइड (डिमेन्शियाच्या अल्झायमर या प्रकारात मेंदूत साचणारं प्रथिन) लवकर धुऊन जातं, हे २०१३ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं ते उंदरांमध्ये. मी तसं स्पष्ट लिहायला हवं होतं. दुरुस्ती केली आहे.

पण ‘धंदा’? या लिखाणातून मला एक रुपया मिळत नाही. मी हे का लिहितो ते तरी विचारायचं होतं.

माझ्या वडिलांनी बावीस वर्षं गिरणीत रातपाळी केली. सकाळी घरी येऊन चाळीतल्या एका खोलीत आडवे व्हायचे. आम्ही चार भावंडं, स्टोव्हचा आवाज, नळावरची भांडणं. त्यात झोप कसली लागणार? पासष्टीनंतर त्यांना डिमेन्शिया झाला. रात्री दोनला उठून आईकडे डबा मागायचे, पाळी चुकेल म्हणून आतून दार बडवायचे. आईने सहा वर्षं त्या रात्री जागून काढल्या. वडील गेले, तरी तिची झोप परत आलेली नाही. तिच्या खोलीत रात्री दिवा लागला की माझ्या पोटात गोळा येतो. याला तुम्ही धंदा म्हणता? समोर बसून म्हणाल?

राहिला कारण की लक्षण हा वाद. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास पाहा. ७,९५९ माणसं, २५ वर्षं. पन्नाशी, साठी, सत्तरीत सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना डिमेन्शियाचा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा ३० टक्के जास्त. पन्नाशीतच आजार लपून बसला होता असं म्हणायचं असेल तर म्हणा, मी त्यात शिरत नाही.

झोप येत नसेल, घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांकडे जा, हे लेखात दोनदा आहे. आधी लेख नीट वाचा. आणि पुन्हा लिहाल तेव्हा खाली नाव लिहा.