डिफेंडर बंद केल्याने गेम पळत नाही

‘गेम अडखळतोय? विंडोज डिफेंडर बंद करा, मेमरी इंटिग्रिटी काढा, अपडेट कायमचे थांबवा. नुसता गेम खेळणाऱ्याकडून कोण काय चोरणार?’ हा सल्ला व्हिडिओंतून आणि ग्रुपांतून सर्रास फिरतो. डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस; मेमरी इंटिग्रिटी ही सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, जपणारी विंडोजची सेटिंग. जुन्या लॅपटॉपवर नवा गेम चालवण्याची धडपड मला कळते, म्हणूनच हे थांबायला हवं असं वाटतं.

डिफेंडर प्रोसेसर खातो, हा पहिला दावा. नवी फाइल आली की तो ती तपासतो, त्यामुळे गेम इन्स्टॉल होताना आणि लोड होताना थोडा वेळ जातो. मॅच सुरू झाल्यावर मात्र त्याला फारसं काम उरत नाही. ठरलेलं स्कॅनही मूळ सेटिंगमध्ये मशीन वापरात नसतानाच चालतं.

आता तो बंद असताना काय घडतं ते बघा. २०२१ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने क्रॅकोनॉश हा मालवेअर (घातक प्रोग्राम) उघडकीस आणला. जीटीए ५, एनबीए २के१९ अशा गेमच्या क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या, प्रतींतून तो पसरला होता. आत शिरल्यावर तो मशीन सेफ मोडमध्ये (मोजक्याच प्रोग्रामवर चालणाऱ्या अवस्थेत) सुरू करून डिफेंडर काढायचा, अपडेट बंद पाडायचा आणि त्याच प्रोसेसरवर मोनेरो हे आभासी चलन खणायचा. अवास्टच्या मोजणीत अशी २,२२,००० हून अधिक मशीन निघाली. चार फ्रेम वाढवायला संरक्षण काढायचं आणि अख्खा प्रोसेसर चोराच्या हाती द्यायचा, हा कसला हिशोब?

मेमरी इंटिग्रिटीच्या मुद्द्यात तथ्य आहे. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं की काही मशीनवर तिच्यामुळे गेमचा वेग कमी होतो. हवं तर खेळताना बंद करा, खेळून झाल्यावर परत चालू करा. फिरणाऱ्या सल्ल्यात हा शेवटचा भाग नसतो. इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या आणि एएमडीच्या झेन २ आधीच्या प्रोसेसरवर तिचा भार जास्त पडतो. पण ती काय अडवते तेही सांगा: दोष असलेल्या ड्रायव्हरमधून (हार्डवेअर किंवा सिस्टिमशी थेट बोलणाऱ्या प्रोग्राममधून) थेट कर्नलमध्ये घुसणं. २०२२ मध्येच गेनशिन इम्पॅक्ट या गेमचा अँटी-चीट (फसवेगिरी पकडणारा) ड्रायव्हर सोबत आणून हल्लेखोरांनी अँटिव्हायरस बंद पाडला आणि रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) सोडलं. त्यासाठी मशीनवर तो गेम असण्याचीही गरज नव्हती.

अपडेटबद्दल एकच उदाहरण पुरे. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने वापरलेल्या त्रुटीवरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्च २०१७ मध्ये आला होता, हल्ला मे महिन्यात झाला, तो पॅच न टाकलेल्या मशीनवर. खेळताना रीस्टार्ट नको असेल तर विंडोज अपडेटच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ (तुमची वापराची वेळ) लावा.

आणि चोरणार काय? २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमधून (गेममध्ये बाहेरून टाकायच्या जोडण्यांमधून) पसरलेला फ्रॅक्चराइझर हा मालवेअर ब्राउझरच्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइली) आणि डिस्कॉर्ड या चॅट ॲपचं लॉगिन उचलत होता. आपल्याकडे घरात बहुधा एकच कॉम्प्युटर. त्याच ब्राउझरमधून वडिलांची नेटबँकिंग आणि बहिणीचे परीक्षेचे फॉर्म.

गेमसाठी प्रोसेसर आणि रॅम मोकळी हवी तर टास्क मॅनेजर उघडा. वीस टॅबचा ब्राउझर, गेम सुरू करून देणारे तीन लाँचर, मागे चालू असलेलं रेकॉर्डिंग बंद करा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, गेमच्या सेटिंगमध्ये शॅडो (सावल्यांचा दर्जा) कमी करा. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या (इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या) मशीनवर फरक लगेच दिसतो. एवढं करूनही स्टीम या दुकानातून घेतलेला एखादा गेम डिफेंडरमुळेच रखडत असेल, तर फक्त त्या गेमचं फोल्डर डिफेंडरच्या तपासणीतून वगळा. त्यात बाहेरचे मॉड टाकत असाल तर तेही नको.