बाटल्याच धुणार ना?

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. सांगलीला बीएस्सी करणाऱ्या भाचीला सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप मिळाली, दोन महिने पुण्यात बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये. त्यावर काकांनी लिहिलं, तिथे जाऊन बाटल्याच धुणार ना, त्यापेक्षा एमपीएस्सीचा क्लास लाव. सात जणांनी अंगठे दिले.

अहो काका, धुतल्या बाटल्या तर काय झालं? मी अमेरिकेत मॅडिसनला अकरा वर्षं लॅबमध्ये आहे, इथे जूनमध्ये येणारी अंडरग्रॅड पोरं पण आधी बफरची द्रावणंच बनवतात, भर उन्हाळ्यात स्वेटर चढवून कोल्डरूममध्ये प्रोटीन शुद्ध करायचा कॉलम चालवतात, आणि प्रोटीन वेगळी करून बघायची पहिली जेल चालू ठेवून टेरेसवर आइस्क्रीम खायला जातात ते परत येईपर्यंत प्रोटीन खाली बफरमध्ये वाहून गेलेलं असतं. असं एकदा झालं की जन्मात विसरत नाही, क्लासमध्ये हे कोण शिकवणार? वर स्टायपेंड मिळतो, आणि दुसऱ्या दिवसापासून पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखाला, नावाने हाक मारतात. (माझ्या एमएस्सीला सरांच्या केबिनबाहेर चपला काढायचो आम्ही.)

आणि काका स्वतः व्हॉल्व्ह बदलल्यापासून रक्त गोठू नये म्हणून रोज वॉरफरिन घेतात! त्यातलं 'वॉर्फ' म्हणजे इथल्याच विस्कॉन्सिन अलम्नाय रिसर्च फाउंडेशनची आद्याक्षरं. 1933 मध्ये एक शेतकरी मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन इथले बायोकेमिस्ट कार्ल पॉल लिंक यांच्या लॅबवर आला, सडका क्लोव्हर चारा खाऊन जनावरं रक्तस्रावाने मरत होती. त्या चाऱ्यातला रक्त गोठू न देणारा नेमका पदार्थ वेगळा करायला 1939 उजाडलं, त्यावरूनच पुढे वॉरफरिन आलं. सहा वर्षं बाटल्या कोण धूत होतं मग?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. कोणी काही बोललं नाही, फक्त चुलतभावाने लिहिलं, मग तूच बोलव की तिला तिकडे.

आता काय सांगू. इथला एनएसएफच्या, म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशाचा आरईयू (अंडरग्रॅड पोरांना लॅबमध्ये घ्यायचा प्रोग्रॅम) फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना. माझी लेक इथे जन्मली, ती मोठी झाली की अर्ज करू शकेल. भाची नाही. मी अजून ग्रीन कार्डच्या रांगेत, म्हणजे त्या नियमाने मी पण नाही. भारतातल्या मुलांसाठी इथे 2007 मध्ये शास्त्रज्ञ हरगोविंद खोरानांच्या नावाने प्रोग्रॅम सुरू झाला खरा, पण सांगलीच्या कॉलेजात तो कोणाला माहितीये? खोराना स्वतः पीएचडी करून 1949 मध्ये भारतात परतले होते, नोकरी मिळाली नाही म्हणून पुन्हा बाहेर पडले. 1968 च्या नोबेलला मात्र आपण सगळे टाळ्या वाजवायला हजर.

खरं सांगायचं तर काकांपेक्षा मला भावाचा मेसेज जास्त लागला. दर हिवाळ्यात मला भारतातल्या मुलांचे, लॅबमध्ये घ्या म्हणून, 'रिस्पेक्टेड सर' असे मेल येतात. मी बाई आहे हे पण बघत नाहीत, असं म्हणून मी उघडतच नाही. मी स्वतः 2006 मध्ये असे साठेक मेल पाठवले होते, एकाचं उत्तर आलं, तेही नाही म्हणून. त्यावर मी दोन दिवस खूश होते.

काल भाचीने पुण्याच्या गाइडना लिहायचा मेल तपासायला पाठवला, "मावशी, इंग्लिश बघ ना जरा". सुरुवात, रिस्पेक्टेड सर. गाइड मॅडम आहेत. दुरुस्त करून पाठवला आणि मग माझे डिसेंबरपासूनचे न उघडलेले मेल उघडत बसले. सहा वाचून झाले, एकाला उत्तर लिहिलं, तोवर रात्रीचा एक वाजला.