'घुमानमध्ये आपले काय आहे?' या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घुमानवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. आपल्या घरात चार पिढ्यांची पंढरीची वारी आहे आणि त्या नात्याने माझा लेख आपल्याला खटकला, असे आपण स्पष्टपणे लिहिले आहे. पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या छोट्या गावातील दरबाराला, म्हणजे नामदेवांच्या नावाच्या गुरुद्वाऱ्याला, मी सरळ 'संत नामदेवांचे समाधिस्थान' म्हटले आणि त्यामुळे पंढरपूरच्या नामदेव पायरीचा अवमान झाला, हा आपला मुख्य आक्षेप आहे. तिथे विठोबाची मूर्ती नाही, मराठी अक्षर दिसत नाही, आपल्या नामदेवांचे 'भगत बाबा नामदेव' झाले आहे, आणि याची खंत करायची सोडून मी कौतुक केले, असेही आपण म्हणता. शिवाय गावात पाहण्यासारखे काही नसताना उसाच्या ट्रॉल्या आणि दुकानांच्या पाट्या यांची वर्णने करून मी वाचकांना तिथे दोन दिवस राहण्याचा सल्ला दिला. त्यापेक्षा अमृतसरहून जाऊन तासाभरात दर्शन घेऊन परतावे, असे आपले मत आहे.

समाधीविषयीचा आक्षेप मला मान्य आहे. ते वाक्य मी निष्काळजीपणे लिहिले आणि एका परंपरेचे म्हणणे निर्विवाद असल्यासारखे मांडले. वारकरी परंपरेप्रमाणे नामदेवांनी शके 1272 मध्ये, म्हणजे 1350 साली, आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपूरच्या महाद्वारात परिवारासह समाधी घेतली. घुमानची परंपरा असे सांगते की ज्ञानदेवांच्या समाधीनंतर उत्तरेकडे गेलेले नामदेव आयुष्याची अखेरची सुमारे वीस वर्षे या परिसरात राहिले आणि त्यांनी देह इथेच ठेवला. दरबार उभा आहे ती जागा त्याचीच खूण. दोन्हीकडे साधारणपणे 1350 हेच वर्ष सांगितले जाते, मात्र पंढरपूर आषाढातील तिथी पाळते आणि घुमानची जत्रा माघाच्या दुसऱ्या दिवशी भरते. पंजाबी पंचांगातील माघ संक्रांतीला सुरू होतो, त्यामुळे आपल्याकडे तिळगूळ वाटून झाला की दुसऱ्या दिवशी तिकडे जत्रा असते. मराठी अभंगांचे नामदेव आणि हिंदी पदांचे नामदेव एकच की निराळे, यावरही अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. इतक्या जुन्या वादाचा निवाडा मी एका ओळीत करून टाकायला नको होता.

अवमान झाला हे मात्र मला मान्य करता येत नाही. घुमानच्या अंगणात डोके टेकवून 'बाबाजी इथेच आहेत' म्हणणारा माणूस पंढरपूरचे काही हिरावून घेत नाही. महाद्वाराची पायरी होऊन संतांच्या पायांची धूळ मिळावी एवढेच ज्यांनी मागितले, त्यांच्या नावाने दोन गावांत लोक वाकतात, आणि त्यात कोणाचाही मान कमी होतो असे मला वाटत नाही.

आता विठोबाविषयी. मी आईला घेऊन गेले होते. तिचे वय सत्तरच्या पुढे आहे, आणि दरबारात पाऊल टाकल्यावर तिनेही नेमके हेच विचारले, "विठोबा कुठे आहे?" समोर गुरू ग्रंथ साहिब होता, त्यावर रुमाला म्हणजे ग्रंथ झाकण्याचे वस्त्र होते, बाजूला चौरी ढाळणारे सेवेकरी होते. कटीवर हात ठेवलेल्या मूर्तीची सवय असलेल्या डोळ्यांना ही जागा पहिल्या क्षणी रिकामी वाटते, हे मी नाकारत नाही. पण त्या ग्रंथात काय आहे ते पाहिले की हा प्रश्न वेगळा दिसू लागतो. गुरू अर्जनदेवांनी संकलित केलेला आदिग्रंथ 1604 साली अमृतसरच्या हरिमंदिरात ठेवला गेला. पुढे 1708 मध्ये आपल्याच नांदेडला गुरू गोविंदसिंहांनी त्या ग्रंथाला गुरुपद दिले. या ग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत. त्यांत राम, गोविंद, केशव, माधव ही नावे येतात, आणि 'बीठल' हे नावही येते. आसा रागातील एका पदात नामदेव म्हणतात, 'ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही', म्हणजे इथेही विठ्ठल, तिथेही विठ्ठल, विठ्ठलावाचून जग नाही.

हेच पद 'आनीले कुंभ भराईले ऊदक' या शब्दांनी सुरू होते. 'आनीले', 'भराईले' ही रूपे मराठी कानाला परकी वाटत नाहीत. आपण 'आणिले', 'भरविले' म्हणतो. सातशे वर्षांपूर्वी चालत गेलेल्या माणसाच्या बोलीची ही खूण गुरुमुखी लिपीत, एक मात्राही न बदलण्याच्या दंडकाखाली, जशीच्या तशी राहिली आहे. त्या पदाचा आशय तर आपल्या आक्षेपालाच भिडणारा आहे. देवाला स्नान घालावे म्हणून घागर भरून आणली, पण पाण्यात बेचाळीस लक्ष जीव आहेत. हार गुंफावा, तर फुलांचा वास भुंग्याने आधीच घेतला आहे. खीर करावी, तर दूध वासराने आधी उष्टे केले आहे. मग हे विठ्ठला, तुला काय वाहू, असे नामदेव विचारतात आणि सगळीकडे तूच भरून आहेस असे म्हणतात. ज्या दरबारात हे पद श्रद्धेने वाचले जाते तिथे मूर्ती नाही म्हणून विठ्ठल नाही, असे मी कसे म्हणू? गुरुद्वाऱ्यांत अखंड पाठ होतो तेव्हा ग्रंथाची सर्व 1430 पाने सुमारे 48 तासांत सलग वाचली जातात. तो पाठ घुमानला होवो, नांदेडला होवो की कॅनडातील एखाद्या गुरुद्वाऱ्यात होवो, त्यात 'बीठल' हे नाव उच्चारले जातेच. आपल्या दैवताचे नाव इतक्या दूर आणि इतक्या नियमाने घेतले जात असताना मला खंत करण्याचे कारण सापडत नाही.

'भगत' या शब्दाविषयीही थोडे सांगते. कबीर, रविदास, शेख फरीद यांच्यासारख्या, गुरूंच्या परंपरेबाहेरच्या ज्या संतांची वाणी ग्रंथात घेतली गेली, त्यांना शीख परंपरा आदराने भगत म्हणते. 'बाबा' तर नानकदेवांनाही म्हणतात. आपण ज्ञानदेवांना माउली म्हणतो तेव्हा त्यांचे नाव पुसले जात नाही, तसेच हे आहे. आपल्याकडे शिंपी समाज नामदेवांना आपले मानतो आणि पंजाबात कापड छापणारा, रंगवणारा, शिवणारा छींबा समाज त्यांना आपले मानतो. घुमानचा दरबार अठराव्या शतकात सरदार जस्सासिंग रामगढिया यांनी बांधला असे तिथे सांगतात. गावाजवळ तपियाना साहिब आहे. बाबाजींनी तप केले ती जागा म्हणून ती राखली आहे. हे सारे करताना महाराष्ट्रातून कोणी वर्गणी पाठवत नव्हते. नामदेवांना आपल्याकडून कोणी नेलेले नाही. ते स्वतः चालत गेले, आणि ज्यांच्या दारी गेले त्यांनी त्यांना सातशे वर्षे सांभाळले. आपण तिथे पाहुणे म्हणून जावे, मालक म्हणून नव्हे, ही माझ्या लेखामागची भूमिका होती, आणि ती मी आजही सोडणार नाही.

मराठी अक्षर नसल्याचे आपण लिहिता. 3 ते 5 एप्रिल 2015 या दिवसांत अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानलाच झाले, हे आपल्याला आठवत असेल. तिथे मराठी पुस्तके कोण विकत घेणार, अशी चिंता तेव्हा प्रकाशकांनी बोलून दाखवली होती, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ती खरीच होती. पण मिठाईच्या एका दुकानात आम्ही महाराष्ट्रातून आलो असे सांगताच दुकानदाराने संमेलनाची आठवण काढली, आपल्या घरी उतरलेल्या पाहुण्यांना थंड पाण्यापेक्षा चहाच जास्त लागत असे हे सांगितले, आणि आईच्या हातात बर्फीचा पुडा ठेवून पैसे घेतले नाहीत. भाषेचा माग काढायचा तर तो पाटीवर काढू नये. लंगरच्या दारात एका वृद्ध सेवेकऱ्यांनी आम्हाला सांगितले, "पंगत विच बैठो जी." पंगत हा शब्द ऐकताच आई माझ्याकडे पाहू लागली. जात, पैसा, मान बाजूला ठेवून एका ओळीत जमिनीवर बसण्याला ते पंगत म्हणतात, आणि आपणही जेवणाच्या ओळीला दुसरा शब्द वापरत नाही.

दोन दिवसांविषयी आपण जे म्हटले आहे त्यातला एक भाग रास्त आहे. वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आवश्यक माहिती मी लेखात द्यायला हवी होती, ती इथे देते. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस मराठवाड्यातील लोकांना सोयीची आहे. अमृतसरहून बटाला सुमारे 40 किलोमीटरवर आहे आणि तिथून श्रीहरगोविंदपूरच्या रस्त्याने घुमान आणखी साधारण 25 किलोमीटर. आम्ही दरबाराच्या सराईत राहिलो. खोली साधी होती, रजया भरपूर होत्या, गरम पाणी बादलीने मिळाले. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बटाल्यात उतरावे. डोके झाकण्यासाठी रुमाल किंवा ओढणी जवळ असावी, पोळी दोन्ही हातांनी घ्यावी आणि कडाह प्रसाद ओंजळीत. जानेवारीत धुके इतके दाट असते की आम्ही सकाळी अकराला पोहोचलो तेव्हा दरबाराचा घुमटही दिसत नव्हता. बस उशिरा धावतात, म्हणून अमृतसरहून जाऊन-येऊन करण्याचा बेत हिवाळ्यात तरी आखू नये.

पण राहण्याचे खरे कारण निराळे आहे. पहिल्या दिवशी आईने दर्शन घेतले, प्रसाद घेतला आणि ती गप्प राहिली. आपण म्हणता तसे तासाभरात परतलो असतो तर तिच्या मनात फक्त ती रिकामी वाटलेली जागा राहिली असती. दुपारी ती लंगरच्या स्वयंपाकघरात गेली. तिथल्या बायकांनी सरकून तिला जागा दिली, लाटणे दिले, आणि परस्परांची भाषा कळत नसताना दीड-दोन तास त्या पोळ्या लाटत बसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे, बाहेर काही दिसत नसताना, आम्ही दरबारात जाऊन बसलो. रागी कीर्तन करत होते. बराच वेळ आईला त्यातले काही कळले नाही, आणि मग एका पदात 'बीठलु' हा शब्द आला. तिने हात जोडले आणि पद संपेपर्यंत ते खाली घेतले नाहीत.

उसाच्या ट्रॉल्यांबद्दल आपण विशेष नाराजी व्यक्त केली आहे. संतांच्या गावाला जाऊन ऊस काय पाहायचा, असे आपण विचारता. माझ्या मते गाव पाहिल्याशिवाय त्या गावाने संत कसा सांभाळला ते कळत नाही. रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळे असतात, तिकडे त्याला वेलणा म्हणतात. ओवा, बडीशेप, शेंगदाणे घातलेल्या गुळाच्या ढेपा तिथे गरम मिळतात. परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या आयेल्ट्स परीक्षेच्या शिकवण्यांच्या पाट्यांबद्दल मी लिहिले, कारण गावातली कुलूप लावलेली मोठी घरे आणि त्या पाट्या एकत्र पाहिल्या तरच तिथली सकाळची शांतता समजते. दरबाराच्या आवारात बसलेली बहुतेक माणसे साठीच्या पुढची होती, आणि त्यांची मुले कुठे आहेत हे त्या पाट्या सांगत होत्या.

पाहण्यासारखे काही नाही, हे विधान तर मी खोडूनच काढते. जवळच बियास नदीच्या काठी श्रीहरगोविंदपूर आहे. तिथल्या मुसलमान रहिवाशांसाठी सहावे गुरू हरगोविंद यांनी मशीद बांधली. तिला 'गुरू की मसीत' म्हणतात. गुरदासपूर जिल्ह्याची विभागणी 17 ऑगस्ट 1947 रोजी जाहीर झाली, शकरगढ तहसील पाकिस्तानात गेली, बटाला भारतात राहिला, आणि इथले मुसलमान निघून गेले. नमाज पढणारे कोणी उरले नाही, तरी निहंग या लढवय्या पंथाच्या शिखांनी ती वास्तू गुरूंची म्हणून राखली. पुढे तिची डागडुजी झाली आणि 2002 मध्ये तिथे पुन्हा नमाज पढली गेली. दुसऱ्याच्या श्रद्धेची जागा सांभाळण्याची ही रीत त्या मातीत आहे, आणि ती पाहिल्यावर घुमानचा दरबार मला अधिक कळला. परतताना बटाल्यात ओतकामाच्या भट्ट्यांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही कंध साहिब पाहिले. गुरू नानकांच्या 1487 सालच्या विवाहाशी जोडलेली मातीची एक कच्ची भिंत तिथे काचेआड जपली आहे.

मूळ लेखातील 'समाधिस्थान' हा शब्द मी आज बदलला आहे. त्या जागी पंढरपूर आणि घुमान या दोन्ही परंपरा आणि त्यांच्या तिथी दिल्या आहेत, आणि ही चूक आपल्यामुळे लक्षात आली असे नमूद केले आहे. राहण्याची आणि प्रवासाची माहितीही शेवटी जोडली आहे. एक विनंती आहे. ज्ञानदेवांबरोबरच्या यात्रेविषयीचे तीर्थावळीचे अभंग आपल्या घरी म्हटले जात असतील. त्यांपैकी उत्तरेकडील प्रवासाचे जे अभंग आपल्या घराण्यात पाठ आहेत ते लिहून पाठवलेत, तर आईला ते वाचून दाखवायचे आहेत. पुढच्या माघातल्या जत्रेला ती पुन्हा जायचे म्हणते आहे.