सहीच्या आधी बहिणीला कागद वाचून दाखवा

आमच्या सीमाभागात, म्हणजे बेळगावकडच्या मराठी पट्ट्यात, अन्यायावर बोलायला कुणाला शिकवावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला न विचारता म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलं, हे आजीनं मला सांगितलं आणि मी माझ्या पोराला सांगितलं. दर १ नोव्हेंबरला निघणारी काळ्या दिनाची सायकल फेरी, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला सीमाप्रश्नाचा दावा, यातल्या कशावरही बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं शाळकरी पोर घडाघडा बोलेल. कुणाचा हक्क कुणी डावलला, संमती घेतली की लादली, हे आपल्याला चांगलं कळतं. तेच आपण घरात वाटणीचा विषय निघाला की एकदम गप्प होतो. मला आज त्या गप्प बसण्यावर लिहायचंय, थोडं लांबेल.

माझं बेळगावात टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कानडी आणि मराठी दोन्ही टाईप करते. हक्कसोडीचे कागद, म्हणजे बहिणीनं जमिनीतला आपला वाटा भावाला सोडल्याचे, बारा महिने येतात, सुगी आटपली की जरा जास्त. येणारा बहुतेक वेळा भाऊ असतो. उतारे, वंशावळ, सगळ्यांची आधार कार्डं एका पिशवीत घालून आणतो. बहीण मागाहून येते, चंदगड नाहीतर गडहिंग्लजकडच्या एसटीनं. सकाळी घरचं सगळं आवरून निघालेली असते, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं असतं. बाहेरच्या बाकावर बसते, हातात भावाच्या पोरांसाठी आणलेला खाऊ असतो. कागद तयार झाला की भाऊ म्हणतो, "आक्का, हितं सही कर." ती काय लिहिलंय ते विचारत नाही. ती विचारते, "किती ठिकाणी करू?"

तो कागद कानडीत असतो आणि ही बाई मराठी शाळेत शिकलेली असते. उतारा कानडीत, हक्कसोडपत्र कानडीत, पुढे नोंदणीच्या वेळी फोटो काढतात, अंगठा घेतात, तिथलं बोलणंही कानडीतच. आपल्या नावावरून काय गेलं हे तिला त्या दिवशी कळत नाही. पुष्कळ जणींना कधीच कळत नाही.

सरकारनं आपल्याला मराठीत कागद द्यावेत म्हणून आपण कलेक्टर ऑफिसवर मोर्चे नेले. मी स्वतः गेलेय, पुन्हा गेला तर पुन्हा जाईन. उतारा आपल्या भाषेत मिळावा, पाट्यांवर मराठी असावी, ही मागणी रास्तच आहे. माणसाला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदानं त्याचं बरंवाईट ठरवू नये, एवढंच आपण म्हणतो. मग मोर्चात माझ्या शेजारी उभा राहून घसा कोरडा करणारा माणूस पुढच्या महिन्यात सख्ख्या बहिणीसमोर न वाचलेला कानडी कागद ठेवतो, तेव्हा मला ते सहन होत नाही. त्यात त्याला काही वावगं वाटत नाही, याचं तर जास्त वाईट वाटतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण "असं काही नसतं" म्हणणारे दुकानात रोज भेटतात. हिंदू वारसा कायदा जून १९५६ चा, म्हणजे आपल्याला या राज्यात घातलं त्याच वर्षीचा. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा तेव्हाच मिळाला. वडिलोपार्जित जमिनीचं मात्र मुलग्यांकडे झुकतं राहिलं. आपल्यावरून कोर्टात भांडणाऱ्या दोन्ही राज्यांनी, महाराष्ट्रानं आणि कर्नाटकानं, १९९४ ला आपापल्या कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला जन्मापासूनचा हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं तोही भेद गेला. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असोत नसोत, मुलीचा हक्क राहतो. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या उकरता येत नाहीत. हक्काबरोबर कर्जाची जबाबदारीही मुलीवर मुलाइतकीच येते, हेही त्यातच आहे.

आता घराघरातली उत्तरं. "लग्नात दिलंय की." दिलं असेल. पण लग्नाचा खर्च बहिणीनं मागितला होता, की चार लोकांत आपली मान खाली जाऊ नये म्हणून आपणच केला? मांडव, जेवणावळी, बँड यातलं तिच्या हातात काय राहिलं? आणि भावाच्या लग्नातही खर्च झालाच, तो कुणी त्याच्या वाट्यातून वजा केला नाही. या मुद्द्यावर मी जास्त बोलत नाही, त्यात दम नाही.

दुसरं उत्तर मात्र खरं वजनदार आहे. "शेत मी राबवलं, आईबापाला मी बघितलं." बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याच्या काठचं शेत ज्यानं केलंय त्याला विचारा. पावसाळ्यात नाला फुगला की लावलेलं भात पाण्याखाली. पुन्हा रोप, पुन्हा चिखल, कसंबसं पीक हाताला आलं की त्याच ओलीवर मसूर. शहरात नोकरी करणारा भाऊ असो की परगावी दिलेली बहीण, त्यांना त्यातलं काही ठाऊक नसतं. आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणारी वहिनी तर कुठल्याच वंशावळीत नसते. या कष्टाची किंमत झालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की ती किंमत सगळ्यांसमोर मांडून करा. एवढी वर्षं राबलो, दवाखान्याला एवढे गेले, सोसायटीचं कर्ज एवढं, म्हणून मला जास्त हवं. हे तोंडानं बोला. ऐकणारी तुमची बहीण आहे, शेतात वाढलेली आहे, तिला कष्ट कळतात. न बोलता सही घेतली की तुमचे खरे कष्टसुद्धा लबाडीत जमा होतात.

तिसरं उत्तर भाऊ देत नाहीत, बहिणीच देतात. "वाटा मागितला तर माहेर तुटतंय." हे ऐकलं की पोटात कालवतं. वर्षातनं दोनदा यायचं, पंचमीला, दिवाळीला, एक साडी, जाताना पिशवीत नवे तांदूळ आणि रताळी. त्यासाठी बाई एकरभर जमिनीवर पाणी सोडते आणि वर भावाचं कौतुक करते. भीती घालून माहेर राखायचं असेल तर त्याला माया म्हणायला माझी जीभ धजत नाही. आपण पोरींना लहानपणापासून शिकवलं की मागणारी बहीण लोभी आणि सोडणारी सोन्यासारखी. सोडणाऱ्या भावाला कुणी सोन्यासारखा म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, कारण त्यानं सोडावं अशी अपेक्षाच कुणी करत नाही.

पूर्वी हे झाकून जायचं. कोरडवाहू दोन एकरांत कुणाला काय मिळणार होतं? आता बेळगावच्या चहूबाजूंनी प्लॉट पडलेत, बायपासला जमिनी गेल्यात, कालपर्यंत रताळी लावायचो त्या माळाचा भाव लोक गुंठ्यावर विचारतात. भरपाई किंवा खरेदीचा विषय निघाला की अचानक सगळ्या बहिणींची आठवण होते, कारण त्यांच्या सहीशिवाय पुढचं अडतं. तेव्हा तरी तिला रक्कम सांगा की! किती मोबदला येणार हे न सांगता सही घेणं याला मी फसवणूकच म्हणते. नात्यातली आहे म्हणून ती सौम्य होत नाही, उलट जास्त लागते.

माझ्या दुकानापुरता मी एक नियम केलाय. हक्कसोडीचा कागद असेल तर छापण्याआधी बहिणीला आत बोलावते आणि अख्खा मजकूर मराठीत वाचून दाखवते. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, सगळं. काही भाऊ चिडतात, कागद उचलून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

गेल्या सुगीनंतर एक बाई अशीच आली होती, पन्नाशीची. मी वाचत होते, "कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने..." ती मान हलवत होती. भाताच्या जमिनीपर्यंत ती शांत होती. पुढे गावठाणातली जागा आली तशी तिनं थांबवलं. "ही तर आईच्या नावची न्हवं? ही पण?" भावानं फोन काढून त्यात बघायला सुरुवात केली. दुकानात झेरॉक्सला थांबलेले दोघंतिघं होते, तेही गप्प. मग तीच म्हणाली, "भाताचं राहू दे त्याला. शेत त्यानं केलंय, शेवटी आईचं हागणंमुतणं वहिनीनं काढलंय, मी कुठं होते? पण आईची जागा मला न विचारता कशी काय लिवलीस रे?" भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. नंतर मला म्हणाला, "ते आईचं काढा ओ त्यातनं." मी तेवढा भाग काढून पुन्हा टाईप केलं, पुन्हा वाचून दाखवलं, आणि भाताच्या जमिनीवर तिनं स्वतःहून सही केली. त्या सहीबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही. तिला काय सोडतोय ते माहीत होतं, का सोडतोय तेही तिनं चारचौघांत सांगितलं. तिनं सगळंच मागितलं असतं तरी मी तिच्याच बाजूनं असते.

दिवाळीला बहिणी येतील. ओवाळून, फराळ करून झालं की उतारे बाहेर काढा. जमीन किती, कर्ज किती, कुणी किती केलं, सगळं आई हयात असेल तर तिच्यासमोर बोला. वहिनीला चहा करायला आत पाठवू नका, तिलाही बसवा. भांडण झालं तर होऊ दे. दोन दिवाळ्या अबोला धरतील, बोलतील पुन्हा. पण एकदा नोंदणी झालेला कागद फिरवायचा म्हणजे कोर्टाची पायरी, आणि ती पायरी भावाबहिणीनं चढली की मग पोरंबाळंही एकमेकांना ओळखत नाहीत, हे मी आमच्याच गल्लीत बघितलंय.

आणि कुणा बहिणीच्या हातात कागद आला असेल आणि कानडी वाचता येत नसेल, तर घाई करू नका. "उद्या करते" म्हणा आणि कानडी येणाऱ्या आपल्या माणसाकडून वाचून घ्या. माझ्याकडे आलात तरी चालेल, वाचून दाखवायचे मी पैसे घेत नाही.